वडनेरचा खड्डा

९ जानेवारी
मयूरीचे आकडे आज तिसऱ्यांदा आले आणि तिसऱ्यांदा जुळले नाहीत. संगणकावर माझ्या मॉडेलची रेघ वर, तिच्या चाचण्यांचे ठिपके खाली, मधे रिकामी जागा. बोलणं बंद असलेल्या दोन भावांच्या घरांसारखी.

म्हणालो, चाचणी पुन्हा करा.

"बरं सर."

हे "बरं सर" चाचण्या सुरू झाल्यापासून दीड वर्ष ऐकतोय. ती पॉलिटेक्निकला शिकवते, माझ्या हाताखाली पीएच.डी. करते, शनिवारी मुलीला आईकडे सोडून आमच्या लॅबमध्ये येते. जिल्ह्यातल्या गावोगावच्या काळ्या मातीची चकती पितळी कड्यात बसवते, पाणी सोडते, माती किती फुगली ते डायलवर वाचते. बाकीचे दिवस आमचा लॅबवाला भोयर वाचतो आणि तिला फोनवर सांगतो. एका चाचणीला आठवडा जातो. मला "पुन्हा" म्हणायला किती वेळ लागतो?

तिची नोंदवही मी उघडून पाहिली का? नाही. फक्त शेवटचा आलेख पाहिला.

प्रोफेसरपदाच्या मुलाखतीचं पत्र आलं. ६ मार्च. अर्जात "सर्वांत महत्त्वाचं योगदान" या रकान्यात तो एकच पेपर लिहिला आहे. काळी माती ओली झाली की किती फुगेल, हे संगणकावर आधीच सांगणारं मॉडेल. अकरा वर्षांपूर्वीचं. दुसरं काय लिहावं, यावर अर्धा तास बसलो होतो, हेही इथे लिहून ठेवतो.

१४ जानेवारी
संक्रांत. मयूरी तिळगूळ घेऊन पिपरीला घरी आली. सौ. आणि ती स्वयंपाकघरात बराच वेळ. ती गेल्यावर सौ. म्हणाली, "ती विचारत होती, माझ्या हातात दोष आहे की मातीत? मी म्हटलं, दोनच उमेदवार आहेत का?"

सौ. हायस्कूलला गणित शिकवते. तिच्याशी वाद घालताना मी नेहमी पाटी-पेन्सिल घेऊन उभा असल्यासारखा वाटतो.

मी म्हणालो, मॉडेल वडनेरच्या मातीवर तपासलेलं आहे, त्यावर पेपर आहे, तो तिघा परीक्षकांनी वाचला आहे.

"ते वडनेरला गेले होते?"

नव्हते.

१५ जानेवारी
ठरवलं. वडनेरला जायचं, जिथून अकरा वर्षांपूर्वी नमुना घेतला त्याच जागेवरून पुन्हा माती आणायची, मयूरीच्या हाताने तपासायची. दूध का दूध.

(मनात काय होतं ते प्रामाणिकपणे: तिचा हात चुकतो हे सिद्ध होईल, आणि मग मी मोठ्या मनाने तिला शिकवीन. हे वाक्य दोनदा वाचलं. तसंच ठेवतो.)

१९ जानेवारी
आज जे झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मी ते सोयीचं करून घेईन.

मी, मयूरी, भोयर. सकाळी निघालो, हिंगणघाटला चहा, दहाच्या सुमारास वडनेर. शेतकरी तेच, वामनभाऊ. वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर. माझ्या जुन्या वहीत जागेची खूण: "निंबापासून पूर्वेला बावीस पावलं." निंब नाही. वामनभाऊ म्हणाले, चार वर्षं झाली तोडून. मी निंब कुठे असेल याचा अंदाज बांधून पावलं मोजू लागलो. भोयर म्हणाला, "सर, तेव्हा तुमची पावलं लहान होती." म्हणजे काय, ते विचारलं नाही.

तिसऱ्यांदा मोजत असताना वामनभाऊ बांधावरून म्हणाले, "सर, तुमाले त्याच विहिरीतली पाह्यजे का?"

"कोणत्या विहिरीतली?"

"मांगच्या वेळी नेली तेच. बुजवलेली विहीर."

मयूरीने विचारलं, "भाऊ, विहीर कधी बुजवली?"

"माझ्या बाबानं. मी शाळेत होतो. पाणी आटलं, मंग नाल्याचा गाळ आणून आणून टाकला. वरून पडक्या भितींची माती. बैलबंडीनं सहा महिने टाकत होते."

मी म्हणालो, "वामनभाऊ, हे तुम्ही तेव्हा काऊन नाही सांगितलं?" (माझ्या तोंडून काऊन. वीस वर्षांत पहिल्यांदा.)

"तुम्ही इचारलं काय? तुम्ही म्हणले, माती पाह्यजे. ते मातीच होय. आन् वांग्यात खड्डा केला असता तं सहा-सात झाडं गेली असती. तिथं काई पेरलं नव्हतं. म्हटलं, पाहुणे हायेत, नरम जागा दाखवा."

भोयर पावड्यावर हनुवटी टेकून उभा. म्हणाला, "मले वाटलंच होतं. काळ्या मातीत पावडं इतकं सोपं जाऊनच नाई राह्यत."

"मग तू तरी बोलायचं."

"तुम्ही लय खुशीत होते सर."

हे खरं आहे. मला आठवतं. दोन मीटरपर्यंत तासाभरात पोचलो होतो आणि मी सर्वांना सांगत होतो की जागेची निवड हेच अर्धं संशोधन असतं.

परत येताना मयूरी पुढच्या सीटवर, तोंड खिडकीकडे. खांदे हलत होते. मला वाटलं, रडते आहे. दीड वर्ष गेलं तिचं. काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो, तर लक्षात आलं, हसते आहे. मला कळलं हे तिला कळलं, तेव्हा तिला आवरेना. मग भोयर. मग ड्रायव्हर, ज्याला काहीच माहीत नव्हतं.

मी हसलो का? हिंगणघाटच्या पुढे, थोडा.

वामनभाऊंनी पिशवीभर वांगी दिली.

२० जानेवारी
वांग्याची भाजी. जेवलो नाही फारसा.

त्या पेपरनंतर मी आणखी सहा पेपर लिहिले. जिथे जिथे दुसऱ्या ठिकाणची माती मॉडेलशी जुळली नाही, तिथे मी कारण दिलं आहे: "स्थानिक विषमता." आज मोजलं. सहा पेपरांत एकोणीस वेळा. म्हणजे अकरा वर्षं माझं म्हणणं असं की वामनभाऊंच्या वडिलांनी बैलबंडीने भरलेला खड्डा बरोबर आहे आणि उरलेला जिल्हा चुकतो आहे.

२२ जानेवारी
बाजूचे झाडे साहेब. तीन वर्षांपूर्वी त्यांनी घर बांधताना माझा सल्ला घेतला होता. माझं मॉडेल म्हणालं माती फार फुगेल, म्हणून मी पाया फार खोल सांगितला. इतका की येणारे-जाणारे थांबून बघत. आता कळतंय, इतक्याची गरज नव्हती. गाळ फुगतो, तशी पिपरीची माती फुगत नाही.

रात्री झोप नको उडायला म्हणून संध्याकाळीच सांगून टाकलं. सगळं. विहिरीसकट.

झाडे साहेब विचार करून म्हणाले, "म्हणजे माझं घर हिशोबापेक्षा जास्त मजबूत आहे."

तसं म्हणता येईल, म्हणालो.

आठ वाजेपर्यंत कॉलनीतल्या तिघांनी मला विचारलं की झाडेंच्या घराला तुम्ही खास काय करून दिलं.

२४ जानेवारी
तीन पानं लिहिली, स्वतःच्या बाजूने. मुद्दा असा: विहीर बुजून चाळीस वर्षं झाली. चाळीस पावसाळे खाल्ले की भराव हा मूळ जमिनीसारखाच होत नाही का? काही बाबतींत होतो. संदर्भही देता येतील.

वाचून पाहिलं. युक्तिवाद चांगला आहे. वकील हुशार, अशील खोटा. पानं फाडली नाहीत, मागे डकवली आहेत.

२६ जानेवारी
झेंडावंदन. नंतर जिलेबी खाताना विभागप्रमुखांना गाठलं. "समजा, एखाद्याच्या जुन्या पेपरात नमुना चुकीच्या जागेचा निघाला, तर."

"कोणाच्या?"

"समजा."

त्यांनी जिलेबी संपवली, बोटं पुसली. "डॉक्टर, मुलाखत कधी आहे?"

"सहा मार्च."

"मग सात मार्चला समजू."

वाईट माणूस नाही. माझ्या भल्याचंच बोलले. मला बरंही वाटलं, आणि बरं वाटलं हे वाईट वाटलं. दोन्ही जिलेबीच्या एका कड्यात.

१ फेब्रुवारी
मयूरीला समोर बसवून सांगितलं: तुमचे आकडे पहिल्यापासून बरोबर होते. तुमचा हात चांगला आहे.

ती म्हणाली, "सर, मी घरी सांगून ठेवलं होतं की मला जमत नाही. आमचे हे म्हणत, पोळ्या तर गोल येतात, मातीच्या चकतीले काय होते तुले?"

माफी मागितली. तिला ते अवघड गेलं. मलाही. भोयर चहा घेऊन आला आणि आम्ही दोघंही त्याच्यावर फार खूश झालो.

तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण आता बदलायचं. त्यात मार्गदर्शकाचा आकडा चूक आहे असं लिहावं लागेल आणि खाली मार्गदर्शकाची सही लागेल. त्यावाचून प्रबंध जमा होत नाही. ती जमा करायला गेली की प्रकरण उघड. जमा केला नाही, तर तिचं दीड वर्ष माझ्या मुलाखतीखाली दाबलं गेलं.

८ फेब्रुवारी
चौथं प्रकरण आलं. तिने लिहिलंय: "पूर्वीच्या नमुनास्थळास काही मर्यादा असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

मी खोडून लिहिलं: "पूर्वीचा नमुना चुकीचा होता."

१० फेब्रुवारी
परत आलं. "पूर्वीचा नमुना पूर्णतः प्रातिनिधिक नव्हता."

मी: "बुजवलेल्या विहिरीतला होता."

१२ फेब्रुवारी
तिचा फोन. "सर, हे मी लिहिलं असं वाचणाऱ्याला वाटेल. मी तुम्हाला एवढं टोचून बोलते असं दिसते."

"पण खरं आहे."

"खरं आहे तं तुम्ही तुमच्या पेपरात लिहा ना सर. माझ्या प्रबंधात काऊन?"

फोन ठेवल्यावर कळलं. तिच्या पानावर स्वतःला शिक्षा देऊन घेत होतो. स्वस्तात. नियतकालिकाच्या संपादकाला पत्र लिहायचं राहिलंच आहे.

तिचं वाक्य ठेवलं: "प्रातिनिधिक नव्हता." फक्त "पूर्णतः" काढला. तिने तेवढं मान्य केलं.

१५ फेब्रुवारी
संपादकाला पत्र. पाचवा मसुदा. सौ.ला वाचून दाखवला, मराठी करून.

"'नमुनास्थळाचा पूर्वेतिहास अनियंत्रित होता' म्हणजे काय?"

"विहीर होती."

"मग विहीर कुठे आहे यात?"

"तोच अर्थ होतो."

"माझ्या वर्गातली मुलं असंच करतात. उत्तर येत नसलं की अक्षर चांगलं काढतात."

सहावा मसुदा. चार ओळी. दुसऱ्या ओळीत विहीर आहे. पाठवला नाही, जपून ठेवला. सहा तारखेला जेमतेम तीन आठवडे. संपादकाला घाई नाही. पेपर अकरा वर्षं चुकीचा आहे, अजून तीन आठवड्यांनी असा काय जास्त चुकेल?

(हे गणित बरोबर आहे. म्हणूनच त्याची भीती वाटते.)

२१ फेब्रुवारी
वडनेर पुन्हा. या वेळी वांग्यात. वामनभाऊंनी जागा दाखवली, त्यांच्या पत्नी शांताबाई सहा झाडं आधीच उपटून बाजूला ठेवून उभ्या.

मी यादी नेली होती. या जागी कधी विहीर होती का. उकिरडा. घर. गोठा. कोणी गाळ आणून टाकला का. बाजूच्या वावरात काय होतं. वामनभाऊंचे वडील इथे काय पेरत, त्याआधी कोणाच्या ताब्यात होतं, वाटणी कधी झाली.

शांताबाई वामनभाऊंना म्हणाल्या, "हे माती न्याले आले का पोरगी पाहाले?"

मयूरीने मान खाली घातली. भोयर म्हणाला, "पत्रिका राह्यली सर."

पावडं या वेळी जात नव्हतं. दोन मीटरला चार तास. भोयर घामाने निथळला, आणि मी उभ्या उभ्या समाधानी. त्याला ते दिसलं. "आता बरी हाय ना माती?" म्हणाला. मग पावडं मी घेतलं. वीस मिनिटं. त्यानंतर त्याने परत घेतलं, न बोलता, तेही बरंच झालं.

२८ फेब्रुवारी
नवी माती मयूरीच्या ठिपक्यांवर बसली. तिथेच. मॉडेलमध्ये फुगण्याचा तो एक आकडा बदलला, आणि रेघ खाली उतरून ठिपक्यांमधून गेली. मयूरी खुर्चीतून उठली, परत बसली.

म्हणजे समीकरणं बरोबर होती. मीच अकरा वर्षं त्यांना चुकीचं खायला घालत होतो.

आनंद झाला. लगेच आनंदावर संशय आला. आलेख तिसऱ्यांदा काढला. तसाच आला.

२ मार्च
मयूरी सहीचा कागद घेऊन आली. टेबलावर ठेवला, आणि माझ्याआधी म्हणाली, "सर, सहा तारखेनंतर सही केली तरी चालेल. मला घाई नाही."

"मुदत?"

"आहे अजून."

किती चांगली आहे ही, असं वाटलं. कागद खणात ठेवला. हो, ठेवला.

३ मार्च
सकाळी भोयर लॅब झाडता झाडता: "सर, ताईंची फायल विद्यापीठात मले न्याची हाय ना? उद्या शेवटची तारीख. मंग बस कितीची पकडू?"

"उद्या?"

"दोनदा वाढवून भेटली त्याहिले. आता नाई वाढत म्हणते."

मयूरीला फोन केला. विचारलं, खोटं का बोललात. ती म्हणाली, "सर, मी दीड वर्ष चुकत होते असं मला वाटत होतं, तेवढ्यात काही मेली नाही मी. तुम्ही तं प्रोफेसर होऊन राह्यले होते."

"आणि प्रबंध?"

"पुन्हा नोंदणी केली असती." आणि मग: "रडली असती थोडी."

खण उघडला, सही केली. भोयरला कागद दिला आणि तोच हात थंड व्हायच्या आत संगणकावर सहावा मसुदा काढला. विहीर दुसऱ्या ओळीत आहे याची खात्री केली. पाठवला. अकरा वाजून पाच मिनिटं.

यात माझं शौर्य किती? भोयरने बस विचारली नसती तर कागद अजून खणात असता. याची नोंद असावी.

४ मार्च
भोयरचा फोन विद्यापीठातून: फाइल जमा. "पावती भेटली सर. खिडकीवरचा बाबू इचारत होता, हे चौथ्या प्रकरणात सरचं नाव काऊन हाय. म्हटलं, ते आमचेच होत."

६ मार्च
मुलाखत. तिघं. मधे एक वयस्क गृहस्थ, निवृत्त प्राध्यापक, कानात यंत्र.

"आपलं सर्वांत महत्त्वाचं योगदान?"

म्हणालो, अर्जात लिहिलेला पेपर. आणि परवाच्या आदल्या दिवशी मी संपादकांना कळवलं आहे की त्यातला मुख्य आकडा चुकीचा आहे.

डावीकडच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. उजवीकडच्यांनी अर्ज उलटून मागची बाजू पाहिली, तिथे काही नाही.

कानात यंत्रवाले म्हणाले, "कशामुळे चुकीचा?"

"नमुना बुजवलेल्या विहिरीतला होता."

"कोणत्या?"

त्यांनी "कशाने बुजवलेली" असं विचारलं असावं असं समजून मी गाळ, भिंतींची माती, बैलबंडी, सगळं सांगितलं. त्यांना गावच विचारायचं होतं. मग तेही सांगितलं. त्यांना विहिरीची फारच गोडी लागली. खोली किती, बांधलेली की कच्ची, पाणी कोणत्या साली आटलं. पुढची पंधरा मिनिटं माझ्या कारकिर्दीवर कोणी एक प्रश्न विचारला नाही.

शेवटी बाई म्हणाल्या, "हे तुम्ही आज सांगितलं नसतं तर आम्हाला कळलं नसतं."

हो, म्हणालो.

"का सांगितलंत?"

म्हणालो, आमच्या भोयरला बस पकडायची होती. मी ते समजावून सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का?

१३ मार्च
निकाल नाही. विभागप्रमुख माझ्याशी जपून बोलतात, आजाऱ्याशी बोलावं तसं.

संपादकाचं उत्तर आलं. सभ्य. दुरुस्ती छापायला तयार आहेत. परीक्षकाचा एकच प्रश्न: नव्या खड्ड्याची जागा मूळ, न हललेल्या जमिनीची आहे, हे लेखकांनी कशाच्या आधारावर ठरवलं?

वामनभाऊंना फोन लावला. म्हणालो, तुमच्या वडिलांच्याही आधी, आजोबांच्या वेळी, त्या वांग्याच्या जागी काय होतं?

वामनभाऊ म्हणाले, "सर, ते मले काय माहीत. मी होतो का तेव्हा?" मागून शांताबाई काहीतरी म्हणाल्या. "हे म्हणते, आत्याले इचारा. हिंगणघाटले राह्यते. त्या वावरातच वाढली ते."

"नंबर देता?"

"फोनवर जमिनीचं नाई बोलत ते. एकदा तिले फसवलं होतं कोणी. तुम्ही सोता येजा. दुपारी नका येजो, झोपते."

मयूरीला कळवलं. ती म्हणाली, मीही येते सर, प्रश्न मी विचारीन, तुम्ही विचारलं की माणसं घाबरतात.

१४ मार्च
सकाळी, निघण्याआधी.

संपादकाचं उत्तर लिहून ठेवलं: "जागेच्या पूर्वेतिहासाची चौकशी चालू आहे." वाचलं. अक्षर चांगलं आलं आहे. खोडलं.

पुन्हा लिहिलं: "जागेबद्दल शेतमालकाच्या आत्याला विचारत आहोत. वय अंदाजे नव्वद. स्मरणशक्तीची तपासणी केलेली नाही."

पाठवलेलं नाही अजून. मयूरी खाली गाडीचा हॉर्न वाजवते आहे.